खाण्याचा इसेन्स आणि ओढण्याची वाफ

श्रोतेहो, वाण्याच्या दुकानात फळीवर इसेन्सच्या लहान लहान बाटल्या मांडलेल्या असतात. व्हॅनिला, अननस, गुलाब, केवडा, खस. घरी पाहुणे यायचे असले की त्यातली एखादी आणायची आणि चार थेंब खिरीत नाहीतर सरबतात टाकायचे. आज त्या बाटलीविषयीच बोलायचे आहे, पण खिरीसाठी नव्हे. तेच चार थेंब ई-सिगारेटच्या द्रवात टाकले आणि त्याची वाफ छातीत ओढली तर काय होते, हा आजचा विषय आहे.

‘‘हे खूळ आमच्या गावात कशाला येईल?’’ असे कोणी म्हणेल. पण ही वस्तू पेनासारखी दिसते, दप्तरात सहज लपते आणि तिला विडीसारखा वास येत नाही. शिवाय घरच्या घरी द्रव कसा कालवावा याचे धडे मोबाइलवर कोणालाही पाहायला मिळतात. म्हणून शिक्षक बंधुभगिनींनी तरी हे ऐकून ठेवावे.

आधी ही वस्तू काय आहे ते थोडक्यात सांगतो. आज जी ई-सिगारेट प्रचारात आहे, ती २००३ साली चीनमधील होन लिक या औषधनिर्मात्याने तयार केली. तिच्यात एक लहानशी बॅटरी, एक तारेचे वेटोळे आणि कापसात भिजलेला द्रव असतो. ओढले की तार तापते आणि द्रवाची वाफ होते. द्रवात ग्लिसरीन, प्रॉपिलीन ग्लायकॉल, बहुधा निकोटिन आणि चवीसाठी स्वाद असतो. इंग्लंड-अमेरिकेत सिगारेट सोडू पाहणारी कित्येक प्रौढ माणसे हा द्रव घरीच कालवतात. दुकानापेक्षा स्वस्त पडतो, आणि आपल्याला हवी तशी चव साधता येते. लोणचे मुरवावे तशा त्या बाटल्या काही दिवस मुरत ठेवायच्या, अशीही त्यांची रीत आहे. स्वाद कोणता निवडावा, ही त्यांच्या चर्चेतली पहिली बाब असते, आणि गफलत होते ती नेमकी येथेच. बाटलीवर ‘खाद्य’ असे छापलेले दिसले की माणूस निर्धास्त होतो. खायला चालते, मग ओढायला का चालू नये?

आता आपल्या घरातलेच पाहा. लाल मिरची आपण रोज खातो. पण तीच मिरची तव्यावर जळली, तर ओसरीवर बसलेला म्हातारासुद्धा ठसक्याने बेजार होतो. मिरची तीच, वाट निराळी. भाकरीचे पीठ पोटाला मानवते. तेच पीठ गिरणीत वर्षानुवर्षे नाकातोंडात गेले तर दम्याचे दुखणे जडू शकते. पोटाची रचनाच मुळी दणकट आहे. तेथे आम्ल आहे, पुढे आतडे आहे, आणि आतड्यातून जे रक्तात जाते त्यातले पुष्कळसे आधी यकृताच्या चाळणीतून जाते. फुप्फुसाला असा राखणदार नाही. तेथे कोट्यवधी सूक्ष्म वायुकोश आहेत, त्यांचा पडदा कांद्याच्या पापुद्र्याहूनही कितीतरी पातळ, आणि पलीकडे लगेच रक्त. तो पडदा हवेसाठी आहे. सरबतासाठी नव्हे!

हे नुसते तर्काने सांगत नाही. अमेरिकेत मिसुरी राज्यात मक्याच्या लाह्या, म्हणजे पॉपकॉर्न, पाकिटात भरण्याचा एक कारखाना होता. तेथे काम करून गेलेल्या आठ माणसांना फुप्फुसाचा एकच दुर्मीळ रोग झाल्याचे २००० साली सरकारी आरोग्य खात्याच्या कानावर आले. या रोगात फुप्फुसातल्या अगदी बारीक श्वासनळ्यांना व्रण पडून त्या आक्रसतात, बुजत जातात. आधी कोरडा खोकला, मग जिना चढताना धाप, आणि गेलेला दम परत येत नाही. काहींची नावे तर फुप्फुस बदलण्याच्या यादीत घालावी लागली. शोध घेता घेता बोट लोण्याच्या वासापाशी येऊन थांबले. लाह्यांना लोण्याची चव यावी म्हणून तापलेल्या तेलात एक स्वाद मिसळत, आणि त्या पिंपावर वाकून काम करणारे सर्वांत जास्त आजारी पडले होते. त्या स्वादातला मुख्य पदार्थ डायॲसिटिल.

गंमत अशी, की हे डायॲसिटिल काही परके विष नव्हे. आपल्या घरच्या लोण्याला जो गोड वास येतो, त्यात त्याचा वाटा असतो. लाह्या खाणाऱ्याला त्याने काही केले नाही. वाफ हुंगणाऱ्याला केले.

पुढे २०१५ साली हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी बाजारातले ई-सिगारेटचे ५१ स्वाद तपासले. त्यांतल्या ३९ मध्ये डायॲसिटिल सापडले, आणि ते केवळ लोण्याच्या चवीत नव्हे, फळांच्या नि गोळ्या-मिठाईच्या चवीतही. येथे न्यायाने एक सांगितले पाहिजे. साध्या सिगारेटच्या धुरातही हा पदार्थ असतो, आणि अधिक असतो. शिवाय पॉपकॉर्न कारखान्यातला रोग ई-सिगारेटमुळे होतोच, असे अद्याप सिद्ध झालेले नाही. पण सिद्ध होईपर्यंत आपल्या छातीत प्रयोग कोणी करावा? इंग्लंडात २०१६ पासून ई-सिगारेटच्या द्रवात डायॲसिटिल घालण्यास मनाई आहे. त्याच्या जागी काही कारखानदारांनी ॲसिटिल प्रोपिओनिल नावाचा भाऊबंद आणला, आणि उंदरांवरच्या प्रयोगांत तोही श्वासनळ्यांना तसाच घातक दिसला. म्हणून तिकडचे जाणते लोक लोणी, साय, कस्टर्ड अशा ‘दुधाळ’ चवींच्या बाटल्या घेताना या दोन्ही पदार्थांची चौकशी केल्याशिवाय हात लावत नाहीत.

मग बाटलीवरचा ‘सुरक्षित’ शब्द खोटा का? खोटा नाही, अपुरा आहे. अमेरिकेत स्वाद बनविणाऱ्यांची एक जुनी संघटना आहे, फ्लेवर अँड एक्स्ट्रॅक्ट मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशन. कोणता स्वाद अन्नात घालण्यास निर्धोक, हे तिची तज्ज्ञ मंडळी ठरवतात. खुद्द याच संघटनेने स्पष्ट सांगितले आहे, की आमचा दाखला खाण्यापुरता आहे, ई-सिगारेटमध्ये ओढण्यासाठी नाही. विकणाऱ्यानेच हात वर केल्यावर घेणाऱ्याने काय समजायचे ते समजावे.

यापेक्षाही धोक्याची गोष्ट तेलाची. पेपरमिंट, संत्र्याच्या सालीचे तेल, लवंगेचे तेल, किंवा तेलात उतरवलेला कोणताही अर्क. आपल्याकडे तान्ह्या बाळाला न्हाऊ घालताना नाकात तेल सोडण्याची चाल होती, काही घरांत अजून आहे. डॉक्टर तिच्याविरुद्ध कानीकपाळी ओरडतात ते एवढ्याचसाठी, की तेल फुप्फुसात उतरले तर तेथे साचून राहते आणि एक प्रकारचा न्यूमोनिया होतो. अमेरिकेत २०१९ साली ई-सिगारेट ओढणारी तरुण माणसे एकाएकी धाप लागून इस्पितळात येऊ लागली. फेब्रुवारी २०२० पर्यंत असे २,८०७ रुग्ण नोंदले गेले, ६८ दगावले. त्यांतल्या बहुतेकांनी गांजाच्या अर्काचा द्रव ओढला होता, आणि त्यात भेसळ होती ती तेलासारख्या दाट ‘ई’ जीवनसत्त्वाच्या ॲसिटेटची. हेच जीवनसत्त्व गोळीत घालून गिळतात, मलमात घालून तोंडाला लावतात!

साखरेचे एका वाक्यात सांगता येईल: तापलेल्या तारेवर साखर करपते, आणि सुक्रालोजसारखी कृत्रिम गोडीही तापून विघटित होते व छातीला नको ते पदार्थ तयार करते. दालचिनीच्या स्वादाने श्वासनळीतल्या कफ वर ढकलणाऱ्या सूक्ष्म केसांची हालचाल मंदावते, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. आणि मघाशी मुरवण्याचे म्हटले ना, तर व्हॅनिलातला व्हॅनिलिन बाटलीत मुरता मुरता प्रॉपिलीन ग्लायकॉलशी संयोग पावून निराळाच पदार्थ बनतो. म्हणजे जे घातले ते तसेच राहिले, याचीही खात्री नाही.

तर मग निवडावे कोणते? श्रोतेहो, आपल्या देशापुरते उत्तर कायद्याने दिलेलेच आहे. २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेट बनविणे, आयात करणे, विकणे, वाटणे, साठविणे आणि तिची जाहिरात करणे, हे सारे गुन्हे ठरले आहेत. ‘‘आमच्यात निकोटिन नाही, नुसता स्ट्रॉबेरीचा वास आहे’’ ही सबब चालत नाही. निकोटिन असो वा नसो, कायद्याच्या व्याख्येत दोन्ही येतात. साठवणुकीखेरीज इतर बाबतींत पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

गुरुजींना माझी सूचना अशी, की अशी वस्तू एखाद्या मुलाजवळ सापडली तर आधी आरडाओरडा करू नये. मूल भेदरले की बाटली नाल्यात जाते आणि तोंड मिटते. शांतपणे विचारावे, यात काय घातले होतेस? इसेन्स, की तेल, की आणखी काही? किती दिवस ओढतो आहेस? मुलाला खोकला, धाप, छातीत दुखणे किंवा ताप असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे, आणि बाटली पिशवीत घालून बरोबर न्यावी. मुलाच्या वडिलांसमोर डॉक्टरांनी ‘‘काही ओढतोस का?’’ विचारले तर मूल नाहीच म्हणणार. तेव्हा मुलाला क्षणभर एकटे भेटा, एवढे डॉक्टरांच्या कानात आधीच सांगून ठेवावे.