पूर ओसरल्यावर उरणारा शोध



हवामान बदलामुळे होणाऱ्या हानीचा हिशेब सामान्यतः पाण्याखाली गेलेले क्षेत्र, पडलेली घरे आणि मदतीवर झालेला खर्च अशा परिमाणांत मांडला जातो. एका हानीसाठी मात्र या हिशेबात रकाना नाही. ती म्हणजे एकाच घरातील माणसांची ताटातूट. त्यातही दोन बहिणींची ताटातूट विशेष विचार करण्याजोगी आहे. कष्टकरी कुटुंबात आई-वडील कामावर गेले की धाकटीचा सांभाळ थोरली करते. धाकटीला वडिलांचे पूर्ण नाव, जिल्हा वा पोलीस ठाणे सांगता येत नाही. ‘दीदी’ मात्र ठाऊक असते. थोरली दुरावली की धाकटीची ओळखच तिच्याबरोबर दुरावते.

यमुनेचा इशारा

१३ जुलै २०२३ रोजी दिल्लीत यमुनेची पातळी २०८.६६ मीटरवर पोहोचली. धोक्याची पातळी २०५.३३ मीटर आहे. १९७८ च्या महापुरातील २०७.४९ मीटरचा उच्चांक या पुराने मागे टाकला. वास्तविक २०१९ मध्ये हथनीकुंड बंधाऱ्यातून ८ लाख क्युसेकहून अधिक विसर्ग होऊनही दिल्लीतील पातळी २०७ मीटरच्या आत राहिली होती. २०२३ मध्ये विसर्ग त्याच्या निम्म्याहूनही कमी होता. नदीपात्रात साचलेला गाळ, पूरक्षेत्रातील बांधकामे आणि आयटीओ बंधाऱ्याचे न उघडलेले दरवाजे यांची मोठी चर्चा त्या वेळी झाली. मागील अनुभवावर विसंबून घर कधी सोडायचे हे ठरविणाऱ्या नदीकाठच्या माणसाला हा अनुभवच दगा देऊ शकतो, हा त्यातील धडा आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये पाणी पुन्हा २०७.४८ मीटरपर्यंत चढले.

२०२३ च्या पुरात वीस हजारांहून अधिक लोकांना हलवावे लागले. कोणी शाळांत गेले, कोणी उड्डाणपुलाखालच्या तंबूंत, कोणी नातलगांकडे. त्याच महिन्यात हिंडन नदीचे पाणी नोएडा आणि गाझियाबादच्या सखल भागांत शिरले. राष्ट्रीय राजधानी क्षेत्राचे वैशिष्ट्य असे की येथे एक वस्ती दिल्लीत, तर तिच्या शेजारची उत्तर प्रदेशात किंवा हरियाणात असते. पाणी राज्याची सीमा पाहत नाही. नोंदवही मात्र त्या सीमेपाशी संपते. एका बहिणीची नोंद पूर्व दिल्लीच्या छावणीत आणि दुसरीची लोणीत झाली, तर या दोन वह्या एकमेकींना कधी भेटणार, हा प्रश्न आहे.

शोधाचे गाव दिल्ली

दिल्ली केवळ पूरग्रस्तांचे नव्हे, तर पुराने उखडलेल्या माणसांच्या आश्रयाचेही शहर आहे. १८ ऑगस्ट २००८ रोजी कुसहा येथे कोसीचा तटबंध फुटला आणि बिहारमधील लाखो लोकांचे संसार उघड्यावर आले. २५ मे २००९ च्या ‘आयला’ चक्रीवादळाने सुंदरबनातील शेतांत खारे पाणी भरले. शेती नापीक झाली, पुरुष परराज्यांत मजुरीला गेले आणि पाठोपाठ कोवळ्या मुलींना ‘दिल्लीत घरकाम’ देण्याचे आश्वासन घेऊन दलाल आले. थोरली निघून जाते, काही महिने निरोप येतो, मग तोही थांबतो. मागे राहिलेल्या धाकटीजवळ पत्ता म्हणून एकच शब्द उरतो : दिल्ली.

या व्यवहाराला आळा घालण्यासाठी दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये प्लेसमेंट एजन्सींच्या नियमनाबाबत निर्देश दिले आणि २०१४ मध्ये दिल्ली शासनाने त्यांच्यासाठी नोंदणीचा आदेश काढला. ही नोंद काटेकोर ठेवली गेली, तर दूरच्या गावातील बहिणीला निदान चौकशीचे एक दार उपलब्ध होते.

या शहराला ताटातूट नवी नाही. १९४७ मध्ये पुराना किल्ला आणि हुमायूनच्या मकबऱ्यात पाकिस्तानकडे निघालेल्यांच्या, तर किंग्जवे कॅम्पमध्ये तिकडून आलेल्यांच्या छावण्या होत्या. सुमारे पाच लाख निर्वासित दिल्लीत स्थिरावले. ऑल इंडिया रेडिओवरून निर्वासितांचे निरोप प्रसारित होत. साधने तुटपुंजी होती, पण माणसाला माणसाचा ठावठिकाणा कळविणे हे मदतकार्याचेच अंग आहे, ही जाण त्यामागे होती.

कायदा आणि त्यातील रिकामी जागा

आज साधने विपुल आहेत. १० मे २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हरवलेल्या प्रत्येक बालकाच्या तक्रारीवर गुन्हा नोंदविण्याचे निर्देश दिले. २०१४ मध्ये गाझियाबाद पोलिसांनी सुरू केलेली ‘ऑपरेशन स्माइल’ मोहीम पुढील वर्षी देशभर राबविली गेली. ‘ट्रॅक चाइल्ड’ व २०१५ चे ‘खोया-पाया’ ही संकेतस्थळे आता मिशन वात्सल्यच्या व्यवस्थेत आली असून १०९८ ही हेल्पलाइन ११२ शी जोडली गेली आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेमुळे हद्दीचा विचार न करता कोणत्याही ठाण्यात गुन्ह्याची खबर देता येते. तीन राज्यांच्या सीमेवर जगणाऱ्या कुटुंबांसाठी ही तरतूद मोलाची आहे.

तंत्रज्ञानाची मर्यादाही लक्षात घेतली पाहिजे. २०१८ मध्ये दिल्ली पोलिसांनी चेहरा ओळखणारी प्रणाली बालगृहांतील सुमारे ४५ हजार मुलांवर वापरून चार दिवसांत २,९३० मुलांची ओळख जुळविल्याचे सांगण्यात आले. परंतु पुढील वर्षी त्याच प्रणालीच्या अचूकतेबद्दल उच्च न्यायालयात गंभीर शंका मांडल्या गेल्या. मुलांचा चेहरा वर्षागणिक बदलतो. बोलीतील एखादा शब्द, घरामागची विहीर, जत्रेचा दिवस या आठवणी अधिक काळ टिकतात, आणि त्या पडताळून पाहू शकते ती बहीणच.

आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ च्या कलम १२ मध्ये निवारा, अन्न, पाणी, आरोग्य व स्वच्छतेचे किमान निकष, तसेच विधवा व अनाथांसाठी विशेष तरतूद यांचा उल्लेख आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार छावणीत या दोन गटांसाठी स्वतंत्र नोंदवही ठेवायची असते. परंतु दुरावलेले मूल अनाथ नसते. त्याचे कोणीतरी कोठेतरी त्याला शोधत असते. त्याला अनाथांच्या यादीत घालणे म्हणजे शोध संपल्याचे शोधाआधीच जाहीर करणे होय.

येथे कालावधीचे महत्त्व येते. बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार सापडलेल्या बालकाला २४ तासांत बाल कल्याण समितीपुढे हजर करावे लागते. पालकांचा शोध न लागल्यास दोन वर्षांपर्यंतच्या बालकाला दोन महिन्यांत आणि त्याहून मोठ्या बालकाला चार महिन्यांत दत्तकासाठी कायदेशीरदृष्ट्या मुक्त घोषित करण्याची तरतूद आहे. मूल संस्थेत वर्षानुवर्षे अडकू नये, हा तिचा हेतू योग्यच आहे. परंतु तीन वर्षांची धाकटी शिशुगृहात आणि बारा वर्षांची थोरली दुसऱ्या राज्याच्या बालगृहात असेल, आणि दोघींच्या कागदांवर एकमेकींचे नाव नसेल, तर हे चार महिने पाहता पाहता सरतात.

करण्याजोगे

उपाय खर्चिक नाहीत. प्रत्येक छावणीत विधवा व अनाथांच्या वहीशेजारी ‘दुरावलेले’ अशी तिसरी वही असावी, आणि तिच्यात सोबतची भावंडे व शेवटची भेट कोठे झाली हे रकाने असावेत. दिल्ली, हरियाणा व उत्तर प्रदेशातील छावण्यांच्या याद्या दररोज एकमेकींशी पडताळल्या जाव्यात. भावंडांना हलविताना एकाच वाहनात, एकाच छावणीत आणि शक्यतो एकाच संस्थेत ठेवावे. पावसाळ्यापूर्वी नदीकाठच्या अंगणवाड्यांतून व शाळांतून मुलांना घरातील एक भ्रमणध्वनी क्रमांक, गावाचे नाव आणि १०९८ हे आकडे पाठ करून घ्यावेत. मुलांची माहिती जमविताना ती दलालांच्या हाती पडणार नाही, याची दक्षताही तितकीच आवश्यक आहे.

येणाऱ्या दशकांत पूर, वादळे आणि उष्म्याच्या लाटा यांची तीव्रता वाढण्याचा शास्त्रज्ञांचा इशारा आहे. नदीची पातळी सेंटिमीटरपर्यंत मोजणाऱ्या व्यवस्थेला, कोणती बहीण कोणत्या किनाऱ्यावर उतरली, हेही सांगता आले पाहिजे. तेवढी एक ओळ वेळेवर लिहिली गेली, तर आयुष्यभराचा शोध काही दिवसांत संपू शकतो.