'क' जीवनसत्त्व : लिहिले किती, पदरात पडले किती?



मजुरांच्या सभेत आम्ही पहिली गोष्ट सांगतो ती ही : हजेरीपटावर किती लिहिले ते पाहू नका, पदरात किती पडले ते मोजा. आज हीच कसोटी मी एका घरगुती औषधाला लावणार आहे.

'क' जीवनसत्त्वाची पूड पाण्यात विरघळवायची, सोयाबीनचे लेसिथिन दुसऱ्या पाण्यात भिजवायचे, दोन्ही एकत्र घुसळून दागिने साफ करण्याच्या ध्वनिलहरींच्या यंत्रात ठेवायचे, की 'लिपोसोमल' औषध तयार, असे सांगतात. लिपोसोम म्हणजे स्निग्ध पापुद्र्याची अतिसूक्ष्म पिशवी. ॲलेक बँगहॅम या इंग्रज शास्त्रज्ञाने १९६० नंतरच्या दशकात तिचा शोध लावला. कल्पना खोटी नाही. कारखान्यात नीट बनवलेल्या अशा औषधाने रक्तातील जीवनसत्त्व काहीसे अधिक वाढल्याचे काही प्रयोगांत दिसले आहे.

परंतु घरच्या यंत्राचा जोर तोकडा. पेल्यातले दुधाळ पाणी बहुधा साधे मिश्रणच असते, आणि पिशवीत किती शिरले हे घरी मोजता येत नाही. मग मात्रा ठरवायची कशी?

पुडीचा एक चमचा म्हणजे चार-पाच ग्रॅम. प्रौढांनी रोज दोन ग्रॅमच्या वर जाऊ नये, अशी मर्यादा अमेरिकेतील तज्ज्ञांनी २००० साली घातली. आपल्या देशात २०२० साली ठरलेले रोजचे प्रमाण पुरुषाला ८० आणि स्त्रीला ६५ मिलिग्रॅम. साधे जीवनसत्त्व २०० मिलिग्रॅमपर्यंत जवळजवळ सारे अंगी लागते. एका वेळी ग्रॅमच्या वर घेतले, तर निम्म्याहून कमी. बाकीच्याने जुलाब होतात, काहींना मूतखडा होतो. मूत्रपिंडाचा विकार असलेल्याने तर डॉक्टरांना विचारल्यावाचून ते घेऊच नये.

आता आपल्या तलासरीच्या बाजाराकडे पाहा. डहाणूचा चिकू गोड खरा, पण 'क' जीवनसत्त्व त्यात थोडे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या कोष्टकाप्रमाणे शंभर ग्रॅम आवळ्यात सुमारे २५०, पेरूत २०० च्या वर आणि शेवग्याच्या कच्च्या पाल्यात सुमारे १०० मिलिग्रॅम असते. पाला फार शिजवला तर बरेचसे नष्ट होते. एक मध्यम पेरू खाल्ला की दिवसाची गरज भागली.

शिवाय नागलीतले आणि पालेभाजीतले लोह अंगी लागायला हेच जीवनसत्त्व मदत करते. आपल्या पाड्यांवरच्या पांडुरोगी बायकांना म्हणूनच जेवताना लिंबाची फोड मिळाली पाहिजे.

पण पेरू विकून मीठ-तेल आणणाऱ्या बाईच्या मुलांना पेरू कुठून मिळणार? दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणारी कुटुंबे उचल घेतात आणि आठवड्याच्या खर्चीवर दिवस काढतात. त्या खर्चीत तांदूळ, मीठ, मिरची धरली जाते. फळ धरले जात नाही. माझी विनंती एवढीच : पुढच्या वेळी खर्ची ठरवायला बसाल, तेव्हा आवळा-लिंबाचे पैसेही त्यात धरून मागा.