मनाचा खोटा हिशोब

श्रोतेहो, डिचोली तालुक्यातील पाळी गावावरून खनिजाचे ट्रक रांगा लावून नदीकाठच्या धक्क्यांकडे जात, ते दिवस तुमच्यापैकी पुष्कळांच्या स्मरणात असतील. कौलांवर तांबडी धूळ बसे. परंतु कित्येक घरांची चूलही त्या धुळीवरच पेटे. सप्टेंबर २०१२ मध्ये गोव्यातील खाणी थांबल्या. मध्यंतरी त्या सुरू झाल्या खऱ्या. पण सर्वोच्च न्यायालयाने ७ फेब्रुवारी २०१८ रोजी ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरविले आणि १६ मार्चपासून सारे पुन्हा ठप्प झाले. कर्ज काढून घेतलेले ट्रक अंगणात उभे राहिले.

कोणाचे कर्ज मोठे, कोणाचे लहान, हे खरे. तरी तेवढ्याच ओझ्याखाली एक मनुष्य वाकतो, पण चालत राहतो, आणि दुसरा मोडून पडतो. असे का व्हावे?

दुसऱ्याचे मन आपण कल्पनेने उघडून पाहू. पहाटे तीनलाच त्याला जाग येते. अन्न गोड लागत नाही. तो स्वतःशी म्हणतो, 'दुसरा ट्रक घेतला ही माझीच मूर्खता. मी कधीच काही धड केले नाही.' खाणी बंद करणारा तो नव्हता. तरी दोष सगळा त्याच्या खात्यावर. वीस वर्षे संसार चालविला, बहिणीचे लग्न करून दिले, ही जमा मात्र वहीत कोठेच नाही. देवळापाशी दोघे हसताना दिसले, की ते आपल्यालाच हसले असे तो धरून चालतो. बँकेचे पाकीट येते, ते न फोडताच फळीवर जाते. आत जप्तीच असणार! २०१४ साली सरकारने खाणबाधित कर्जदारांसाठी सवलतीची योजना काढली होती. पाकिटे न फोडणाऱ्याला अशा योजनेचा उपयोग काय?

अॅरन बेक या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने १९६० च्या सुमारास हेच पाहिले. खिन्न रुग्णांच्या स्वप्नांत दडलेला राग सापडेल, अशी त्याची अपेक्षा होती. सापडले ते निराळेच: नुकसान, अपयश, नाकारले जाणे. स्वतःविषयी, जगाविषयी आणि भविष्याविषयी अशा तिन्ही अंगांनी मन प्रतिकूल निकाल देत असते, आणि तो निकाल तपासून न पाहता खरा मानला जातो, असे मत त्याने मांडले. त्यात भर पडते ती रवंथाची. गुरे रवंथ करतात ती चारा पचविण्यासाठी. हा मनुष्य तेच दुःख पुनःपुन्हा चघळतो, आणि ते पचत तर नाहीच.

येथे एक गोष्ट मला आग्रहाने सांगावीशी वाटते. विचार हे एकमेव कारण नव्हे. आनुवंशिकता, बाळंतपण, थायरॉइडचा विकार, दारिद्र्य यांचाही वाटा असतो. शिवाय खिन्नतेनेच विचार काळवंडतात, म्हणजे हे चक्र दोन्ही दिशांनी फिरते. म्हणून खचलेल्या माणसाला 'विचार बदल, म्हणजे बरा होशील' असे सुनावू नये. त्याच्या अपराधांच्या यादीत तेवढा आणखी एक वाढतो! बँकेचा हप्ताही काही विचाराने फिटत नाही.

मग करावे काय? गोव्यातच याचा एक चांगला प्रयोग झाला. 'संगाथ' या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांतील तीव्र खिन्नतेच्या रुग्णांसाठी साध्या माणसांना समुपदेशक म्हणून तयार केले. सहा ते आठ भेटी, बस्स. त्यांत मनाशी वाद घालण्यापेक्षा कृतीवर भर होता: उठून एखादे लहानसे काम करावयाचे, अडचण पुढ्यात घेऊन तिची वाट शोधावयाची. तीन महिन्यांनी या उपचारातील शंभरांपैकी ६४ रुग्णांची खिन्नता ओसरली होती. केवळ नेहमीची, थोडी सुधारलेली सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ होते.

आपल्या ट्रकमालकाकडे शेजारी जाऊन बसला आणि म्हणाला, 'ते पाकीट दोघे मिळून फोडूया, उद्या बँकेत मी बरोबर येतो,' तर ते याच जातीचे काम होय. झोप व भूक दोन आठवडे परतली नाही, किंवा जीव नकोसा झाल्याची भाषा ऐकू आली, तर मात्र शेजाऱ्याने एकट्याने भार घेऊ नये. बांबोळीला मनोरुग्णांचे सरकारी रुग्णालय आहे. आणि १४४१६ हा टेली-मानसचा दूरध्वनी क्रमांक रात्री-अपरात्रीही उचलला जातो, पहाटे तीनलासुद्धा.