भिंत उभी राहण्याआधी

मी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात इंटिरिअर डिझायनर आहे, असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेलाच असतो : "म्हणजे पडदे आणि रंग निवडता ना?" निवडते की! पण ते काम सगळ्यात शेवटी येतं. त्याआधी काय असतं, ते आज सांगते.

आमच्या व्यवसायातली एक गोष्ट प्रसिद्ध आहे. चंडीगडमुळे आपल्याला ठाऊक असलेले वास्तुविशारद ल कॉर्बुझिए यांच्या पॅरिसच्या ऑफिसात १९२७ मध्ये शार्लोत पेरियाँ नावाची तरुणी काम मागायला गेली. उशांवर भरतकाम करणाऱ्यांचं इथे काम नाही, अशा अर्थाचं उत्तर तिला मिळालं. पुढे तिनं धातू आणि काच वापरून मांडलेला बार त्यांनी प्रदर्शनात पाहिला आणि तिला बोलावून घेतलं. ती तिथे दहा वर्षं राहिली. त्या ऑफिसातून निघालेल्या पोलादी नळ्यांच्या खुर्च्यांमध्ये तिचा मोठा वाटा होता. पण कित्येक वर्षं लोक त्या एकट्या कॉर्बुझिए यांच्याच समजत.

ही उतरंड आपल्याकडेही आहे. १९७२च्या कायद्यानुसार 'आर्किटेक्ट' म्हणवून घ्यायला कौन्सिलकडे नोंदणी लागते. इंटिरिअर डिझायनरसाठी असा कायदा नाही. रीतसर शिकून आलेली मुलगी आणि कालच दुकान थाटलेला माणूस, दोघंही पाटीवर एकच शब्द लिहितात. मग आम्हाला बोलावणं येतं ते बहुतेकदा प्लॅन मंजूर होऊन भिंती चढल्यावर.

इथेच पैसा वाया जातो. बाथरूमचं दार अडीच फुटी ठेवायची पद्धत आहे. चौकट वजा जाता मोकळी जागा आणखी कमी उरते. घरातल्या आजींना उद्या चाकांची खुर्ची लागली, तर तीन फूट मोकळी जागा हवी. कागदावर ही रेघ पुसायला खोडरबर पुरतं. फरशी, नळ, वॉटरप्रूफिंग झाल्यावर त्याच दारासाठी तोडफोड करावी लागते. ओट्याचंही तसंच. तो कोपरापेक्षा चार-पाच इंच खाली असला, तर पाठ दुखत नाही. पण जिला तिथे उभं राहायचंय, तिची उंची विचारतं कोण? प्लायवूड येतं आठ बाय चार फुटांचं. ते लक्षात न घेता कपाटाची मापं काढली, तर गिऱ्हाइकानं पैसे मोजून घेतलेला माल तुकडे होऊन पडतो.

हे मला कॉलेजपेक्षा साइटवरच्या सुतारांनी जास्त शिकवलं. ते अजूनही सुतात बोलतात; आठ सुतांचा एक इंच. आपल्या ड्रॉइंगमधले मिलिमीटर त्यांच्या सुतात सांगता आले नाहीत, तर ड्रॉवर अडकतो आणि बोल सुताराला लागतो.

या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या मुलामुलींना सांगेन, नोकरी धरताना पगार विचाराच. पण आणखी दोन गोष्टी विचारा. गिऱ्हाइकाच्या पहिल्या बैठकीला मला बसता येईल का? आणि पुऱ्या झालेल्या कामावर माझं नाव लागेल का? पहिल्याचं उत्तर 'नाही' आलं, तर तुम्हाला पडदे निवडायलाच ठेवताहेत, हे ओळखा.

आणि तुमच्यापैकी कुणी घर बांधायला काढलं असेल, तर आर्किटेक्टच्या पहिल्या भेटीला आजींना सोबत न्या. त्यांच्याशी बोलायला ऑफिसातून कोण पुढे येतं, तेवढं बघा.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)