सायकलीसाठी इंजिनाचा संच निवडताना

१९४६ साली जपानमधील हामामात्सू येथे सोइचिरो होंडा यांनी लष्कराच्या बिनतारी संदेशयंत्रांना वीज पुरविणारी आणि युद्धानंतर पडून राहिलेली छोटी इंजिने मिळविली व ती साध्या सायकलींना जोडली. इंधनाची टाकी म्हणून प्रारंभी अंथरूण उबदार ठेवण्याचे गरम पाण्याचे भांडे वापरले गेले. इंजिनांचा हा साठा संपल्यावर १९४७ साली त्यांनी स्वतःचे इंजिन घडविले आणि १९५२ साली त्यांचा 'कब' हा संच सायकलींच्या दुकानांतूनच विकला जाऊ लागला. त्याच काळात फ्रान्समध्ये पुढील चाकावर रूळ टेकवून चालणारी 'सोलेक्स' व इटलीत ४८ घन सेंटिमीटरचे 'कुच्चोलो' इंजिन लोकप्रिय झाले. महाराष्ट्रात १९७२ साली अहमदनगरच्या (आताचे अहिल्यानगर) कारखान्यातून बाहेर पडलेली 'लूना' ही याच कुळातील होय. मात्र ती सुटा संच नव्हती, संपूर्ण वाहन होते. हा फरक वाटतो तितका लहान नाही.

तयार वाहनात चौकट, ब्रेक, चाके आणि इंजिन यांचा मेळ कारखान्याने घातलेला असतो. सुटा संच आणणाऱ्या तरुणावर ही सारी जबाबदारी येऊन पडते. म्हणून निवडीचा आरंभ इंजिनाच्या ताकदीपासून न होता कायद्यापासून झाला पाहिजे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील व्याख्येनुसार चारपेक्षा कमी चाकांचे व २५ घन सेंटिमीटरपर्यंत क्षमतेचे इंजिन असलेले वाहन हे 'मोटार वाहन' ठरत नाही. त्यापुढे गेल्यास नोंदणी, विमा व अनुज्ञप्ती ही तिन्ही आवश्यक होतात, आणि घरी जुळविलेल्या सायकलीची नोंदणी होणे व्यवहारात जवळजवळ अशक्यच असते. बाजारात सर्वाधिक खपणारे संच ४८ घन सेंटिमीटरचे असतात. स्वस्त आहे म्हणून घेतलेला असा संच बसविलेल्या सायकलीखाली कोणी पादचारी सापडला, तर विम्याचे कवच नसल्याने नुकसानभरपाईचा भार थेट त्या कुटुंबावर पडतो. खाजगी आवारापलीकडे अशा संचाचा उपयोग धरू नये.

जाहिरातीतील आकड्यांबाबतही सावध राहिले पाहिजे. '८० सीसी' म्हणून विकल्या जाणाऱ्या संचाच्या सिलिंडरचा व्यास सामान्यतः ४७ मिलिमीटर व दट्ट्याची धाव ३८ मिलिमीटर असते. गुणाकार केला की घनफळ सुमारे ६६ घन सेंटिमीटर भरते. जो विक्रेता व्यास व धाव सांगू शकत नाही, त्याच्याकडून खरेदी न केलेली बरी.

पहिल्या जुळणीसाठी गवत कापण्याच्या वा फवारणीच्या यंत्रांवर असते तशा जातीचे, २५ घन सेंटिमीटरच्या आतील चार-धावी इंजिन अधिक सोयीचे. द्वि-धावी इंजिनात तेल पेट्रोलमध्ये मिसळावे लागते. प्रमाण वीसास एक असेल तर लिटरमागे ५० मिलिलिटर. ते एकदा विसरले तरी दट्ट्या सिलिंडरमध्ये अडकून बसतो. चार-धावी इंजिनात तेल वेगळे असते, त्यामुळे ही चूक टळते. तेलाची पातळी मात्र नित्य पाहावी लागते. शिवाय अशा इंजिनांचे स्पार्क प्लग, कार्ब्युरेटर आणि दट्ट्याची कडी शेती अवजारांच्या दुकानात मिळू शकतात. सुटा भाग जवळच्या गावी मिळणे, हीच विश्वासार्हतेची खरी कसोटी मानावी.

अशी इंजिने वेगाने फिरतात. आपल्याकडील २८ इंची चाक एका फेरीत सुमारे २.२ मीटर अंतर कापते. ताशी २५ किलोमीटर वेगासाठी त्याला मिनिटाला १८९ फेरे घ्यावे लागतील. इंजिन ७,००० फेऱ्यांवर चालत असल्यास ३७ फेऱ्यांमागे चाकाचा एक फेरा असे प्रमाण बसते. एवढी घट एका साखळीने साधत नाही. तेव्हा संचात गिअरपेटी आहे की नाही, हे आधी पाहावे. ती नसलेल्या संचात इंजिन उत्तम असूनही सायकल चढावर दम टाकते व क्लच जळतो.

आता मागील दातेरी चक्राकडे वळू या, कारण अपघातांचे मूळ बहुधा येथेच असते. अनेक संचांत हे चक्र रबरी चकत्यांच्या मध्ये धरून नऊ बोल्टांनी थेट चाकाच्या तारांवर आवळलेले असते. तारा वजन पेलण्यासाठी असतात. इंजिनाचा पीळ त्यांनी सोसावा, अशी अपेक्षा चुकीची आहे. बोल्ट असमान आवळले गेले की चक्र डुलते व साखळी उतरते. साखळी ताणणारी कप्पी चौकटीवरून घसरून तारांत शिरली, तर चाक धावत असतानाच जाम होते. मधल्या तुंब्यावर घट्ट बसणारे चक्र देणारा संच महाग पडतो, पण जास्तीचे पैसे द्यायचेच असतील तर ते येथे द्यावेत. इंजिन बसविण्यासाठी चौकटीच्या नळीला भोक पाडण्याची सूचना ज्या संचात असेल, तो परत करावा.

ब्रेकचा विचार मात्र संचाबरोबर येत नाही. काळ्या दांड्याच्या सायकलीचे सळईचे ब्रेक पावसात, ओल्या रिमवर, फारच कमी धरतात. वेग दुप्पट झाला की थांबण्याचे अंतर चौपट होते. पायाने ताशी १२ किलोमीटर जाणारा मनुष्य इंजिनाने २५ ने जाऊ लागला की हा हिशेब लागू पडतो. संचासाठी बाजूला काढलेल्या रकमेतून नवे ब्रेक, टायर आणि मागच्या चाकाच्या जाड तारा यांचा खर्च आधी वजा करावा आणि उरलेल्या रकमेत कोणते इंजिन बसते ते पाहावे.

ज्यांना रोज रस्त्यानेच जायचे आहे त्यांनी विजेच्या संचाचाही विचार करावा. २५० वॅटपेक्षा कमी शक्तीच्या व ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या वाहनास केंद्रीय मोटार वाहन नियमांत सूट आहे. मात्र त्यासाठी मान्यताप्राप्त चाचणी संस्थेची खातरजमा लागते आणि तो दाखला विक्रेत्याने दाखविला पाहिजे.

संच घरी आल्यावर तो बसविण्याची घाई न करता प्रत्येक बोल्ट हाती घेऊन पाहावा. स्वस्त संचांतील बोल्ट मऊ धातूचे असतात व आवळताना पिळून तुटतात. ते सायकल दुकानातून नव्हे, तर यंत्रसामग्रीच्या दुकानातून ८.८ अशी खूण असलेले घेऊन बदलावेत. पहिले १५ किलोमीटर झाल्यावर सगळे नट पुन्हा आवळून, साखळी ताणून घ्यावी. हेच काम पहिल्या महिन्यात दर आठवड्याला करावे.