दुखण्यापायी अकाली काम सोडणाऱ्यांविषयी
(महोत्सवानिमित्त औरंगपुरा येथील सभेत केलेले भाषण)



महोत्सवाच्या मंगल प्रसंगी दुखण्याचा विषय काढावा, हे कित्येकांस अप्रस्तुत वाटेल. तथापि आज येथे जी कुटुंबे बसली आहेत, त्यांतील काहींचा कर्ता माणूस साठी गाठण्यापूर्वीच अंथरुणास खिळला आहे आणि या मंडपात येऊ शकला नाही. त्यास वगळून महोत्सव साजरा करणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही.

आपले लोक कचेऱ्यांत लेखणी चालवितात, शाळांतून शिकवितात, वाळूज व चिकलठाणा येथील कारखान्यांत पाळ्या करितात. त्यांपैकी कोणास पक्षाघात होतो, कोणाचे मूत्रपिंड निकामी होते, कोणास घाटीच्या रुग्णालयात कर्करोगाचे निदान ऐकावे लागते. मग तो मनुष्य धर्मगुरूंकडे येऊन खालच्या आवाजात विचारतो, "फादर, नोकरी सोडून देऊ काय?" त्या प्रश्नात पैशाची चिंता असतेच, पण तिच्याइतकीच लाजही असते. आपण रणांगणातून पळतो आहो, असे त्यास वाटते.

त्या लाजेस आधार नाही. दोन पोपांचेच उदाहरण घ्या. दुसरे जॉन पॉल कंपवाताने जर्जर झाले, वाचा गेली, तरी २००५ च्या एप्रिलात प्राण जाईतो पदावर राहिले. त्यांच्या मागून आलेल्या सोळाव्या बेनेडिक्टांनी २०१३ च्या ११ फेब्रुवारीस, म्हणजे जागतिक रुग्णदिनीच, आपली शक्ती आता या कार्यास पुरत नाही असे सांगून पद सोडण्याचे जाहीर केले. दोघांनीही आपापल्या विवेकास स्मरून निर्णय केला. दोघांसही आपण वंदन करितो. मदर तेरेसांनी १९९० साली हृदयविकारामुळे आपल्या संस्थेचे प्रमुखपद सोडू केले, परंतु भगिनींनी त्यांनाच पुन्हा निवडले. अखेर १९९७ च्या मार्चात सिस्टर निर्मला निवडून आल्या, आणि सप्टेंबरात मदर निवर्तल्या. त्या सहा महिन्यांत त्यांस आपला भार दुसऱ्याच्या खांद्यावर स्थिरावलेला पाहता आला.

आपल्या मुंबईकडेही पाहा. पहिले भारतीय कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशस १९७८ च्या ऑगस्टात आजारीपणामुळे नव्या पोपांच्या निवडणुकीस जाऊ शकले नाहीत, आणि ११ सप्टेंबरास कर्करोगाने निवर्तले. पण सायमन पिमेंटा हे १९७७ पासूनच उत्तराधिकाराच्या हक्कासह त्यांचे सहकारी नेमलेले असल्यामुळे काम एक दिवसही निराधार झाले नाही. उलटपक्षी न्यायमूर्ती रानडे. १९०० च्या डिसेंबरात प्रकृतीमुळे त्यांस लाहोरच्या सामाजिक परिषदेस जाता आले नाही. त्यांचे भाषण गोखल्यांनी वाचले. पुढे त्यांनी उच्च न्यायालयातून रजा घेतली खरी, पण १९०१ च्या १६ जानेवारीस त्यांचे देहावसान झाले. एवढ्या थोर पुरुषाविषयी बोलण्याचा आमचा अधिकार नाही. तरी ती रजा फार उशिरा आली, असे आम्हांस वाटते.

असो. लाज नको म्हणून घाई करावी, असे मात्र कोणी समजू नये. ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या विधानसंहितेत, ज्या बिशपांच्या हातून प्रकृतीमुळे कर्तव्य नीट होत नाही, त्यांस वयाची वाट न पाहता राजीनामा सादर करण्याची आग्रहाची विनंती आहे. पण त्याच संहितेची १८७ ते १८९ ही कलमे वाचावीत. राजीनामा देणारा स्वतःच्या ताब्यात असावा. अन्यायाने घातलेल्या भारी भीतीपोटी वा कपटाने दिलेला राजीनामा मुळातच व्यर्थ. आणि ज्यास मान्यता लागते तो तीन महिन्यांत स्वीकारला गेला नाही तर त्याचे बळ जाते. म्हणजे थोडा काळ जाऊ द्यावा, हे विधानकर्त्यांसही पटले होते.

आता सरकारी नोकरांनी कान देऊन ऐकावे. महाराष्ट्राच्या १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांखाली येणाऱ्यांस वीस वर्षांच्या सेवेनंतर तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छेने निवृत्त होता येते, आणि वैद्यकीय दाखल्यावर रुग्णता निवृत्तिवेतनही आहे. परंतु त्याच मनुष्याने वैतागून नुसता "राजीनामा" लिहून दिला, तर मागील सेवा बुडते. एका शब्दाने मुलाबाळांचा घास जातो! शिवाय २०१६ च्या दिव्यांगांच्या हक्कांच्या कायद्याचे विसावे कलम असे की, सेवेत असताना दिव्यांगत्व आले म्हणून सरकारी आस्थापनेने कोणास काढू नये. जुने काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे द्यावे, तेही नसेल तर जादा पद निर्माण करून ठेवावे. कंपवात त्या कायद्याच्या यादीत आहे. कर्करोगाचे नाव तीत नाही, म्हणून दाखला नीट पाहावा.

कारखान्यातील कामगारांस ही छत्री नाही. तथापि ज्यांचा कामगार विमा आहे, त्यांस ठरलेल्या ३४ दीर्घ रोगांत, सेवेच्या व वर्गणीच्या अटी पुऱ्या असल्यास, दोन वर्षांपर्यंत वेतनाच्या ८० टक्के इतका लाभ मिळू शकतो. नोकरीत असताना कायमचे व पूर्ण अपंगत्व आले, तर १९९५ च्या निवृत्तिवेतन योजनेत एका महिन्याची वर्गणी भरलेल्यासही वेतन आहे. रक्कम अल्प असते, हे खरे. हे सर्व विचारून मगच कागदावर सही करावी, आणि पत्नीस ठाऊक नसता तर मुळीच करू नये.

आणि आपण धर्मग्रामस्थ? मनुष्य घरी बसला की पहिल्या आठवड्यात पाहुण्यांची रीघ लागते, तिसऱ्या महिन्यात कोणी फिरकत नाही. सकाळचे दहा वाजणे हे त्याचे सर्वांत अवघड असते. त्या वेळी गल्लीतील सर्व जण कामावर गेलेले असतात. ज्यांस शक्य आहे त्यांनी त्याच वेळी जावे. औषधाचे उपदेश करू नयेत. जो शिक्षक होता त्याच्याकडे धर्मशिक्षणाची वही तपासावयास द्यावी, जो हिशेबनीस होता त्याच्याकडे महोत्सवाच्या वर्गणीचा जमाखर्च. बसून होईल तेवढेच. ख्रिस्तप्रसाद घरी हवा असेल त्यांनी शनिवारपर्यंत कळवावे. निवृत्तीचे कागद ज्यांस वाचता येत नाहीत, त्यांनी ते रविवारच्या मिस्सानंतर घेऊन यावेत. कचेरीत जन्म घालविलेली दोन-तीन वडीलधारी मंडळी तेथे बसतील.