पेपराचे शेवटचे पान

(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावावर सकाळपासून बोलणे झाले आहे. कर्जावरही झाले. आता जेवणाआधी आम्ही एका पेपराच्या शेवटच्या पानावर बोलणार आहोत, आणि तेही अमेरिकेतल्या एका खेड्याच्या पेपराच्या. मागच्या रांगेतली मंडळी हसताहेत. हसू द्या.

कृषी महाविद्यालयात आम्हाला अमेरिकेची शेती शिकवली ती अशी : एकरी उतारा किती, ट्रॅक्टर किती अश्वशक्तीचा, एकेकाची जमीन किती शे एकर. परीक्षेलाही तेच. त्या शेतकऱ्याच्या नावाने लिलावाची नोटीस निघते, ती पेपरात छापून येते आणि सगळे गाव ती वाचते, हे कोणत्याच पुस्तकात नव्हते. पदवी घेऊन बाहेर पडलो तेव्हा आमची पक्की समजूत होती की कर्जात बुडतो तो फक्त आपल्याकडचा शेतकरी, कारण तो अडाणी. तिकडचा शिकलेला, यंत्रवाला, तो कसा बुडेल? म्हणून हे पान तुमच्यासमोर ठेवावेसे वाटले.

अमेरिकेच्या मधल्या पट्ट्यात, ज्याला ते मिडवेस्ट म्हणतात, कॅन्सस नावाचे राज्य आहे. पाऊस बेभरवशाचा. पिके गव्हाची आणि ज्वारीची. होय, ज्वारीचीच. अमेरिकेत सर्वांत जास्त ज्वारी कॅन्ससमध्ये पिकते. ते तिला मायलो म्हणतात, भाकरी करीत नाहीत, गुरांपुढे टाकतात. आपल्याकडे १९६४ साली पहिली संकरित ज्वारी आली, सीएसएच-१. जुन्या मंडळींना आठवत असेल. तिच्यातली मादी जात, कंबाइन काफिर ६०, अमेरिकेतून आणलेली होती. म्हणजे आपली थोडी सोयरीक आहेच.

या कॅन्ससमध्ये मॅरियन नावाचे गाव आहे. वस्ती सुमारे १,९००. आपल्याकडे एवढ्या गावाला एस.टी. थांबली तरी पुष्कळ झाले. या गावात साप्ताहिक निघते, मॅरियन कौंटी रेकॉर्ड, आणि त्याची स्थापना आहे १८६९ सालची. कौंटी म्हणजे जिल्हा समजा, पण माणसांच्या हिशेबाने आपल्या एखाद्या महसूल मंडळाएवढा. बारा हजारांच्या आतच लोक. त्या मधल्या पट्ट्यात गावोगावी अशी साप्ताहिके होती, अजूनही बरीच आहेत.

अशा साप्ताहिकाचे पहिले पान कुणीही काढील. खरा गाव शेवटच्या पानांवर असतो, बारीक टाइपात. वाळल्या गवताचे गठ्ठे विकणे आहे. कुरण भाड्याने देणे आहे. कंबाइन घेऊन कापणी करून देऊ. कुत्रा हरवला आहे. शनिवारी चर्चमध्ये जेवण आहे, पैसे अग्निशमन दलाच्या गाडीसाठी. त्यातच एक सदर आभाराचे असते. घरधनी दवाखान्यात असताना शेजाऱ्यांनी आपापली कंबाइन आणून एका दिवसात गहू काढून दिला, त्या सर्वांचे आभार. आपल्याकडे याला इर्जिक म्हणत. फरक इतकाच की त्यांची इर्जिक छापून येते, आणि छापून आले की पुढच्या वर्षी कुणाला ‘येत नाही’ म्हणणे जड जाते.

आणि याच पानावर, याच टाइपात, सरकारी नोटिसा. जमिनीचा कर ज्यांनी भरला नाही त्यांची नावे रकमेसह कौंटीच्या अधिकृत पेपरात छापावी लागतात, कॅन्ससचा कायदाच आहे तसा. गहाण जमीन शेरीफने लिलावात काढायची तर नोटीस लागोपाठ तीन आठवडे छापावी लागते : कोणती जमीन, कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठे. ही पद्धत जुनी आहे. कॅन्ससने १८६७ साली कायदा केला की भटके जनावर सापडले आणि त्याची किंमत दहा डॉलरच्या वर ठरली, तर कौंटीच्या कारकुनाने दहा दिवसांच्या आत जनावराचे वर्णन आणि सापडणाऱ्याचे नाव-गाव ‘कॅन्सस फार्मर’ या पत्राला कळवायचे, दर जनावरामागे पन्नास सेंट भरून. आपल्या कोंडवाड्यात गेलेली गाय मालकाला कळायच्या आत हर्रासात निघते. तिथे गाईची नोटीस राज्यभर फिरत होती, दीडशे वर्षांपूर्वी.

तुम्ही म्हणाल, त्याने शेतकऱ्याचे काय भले झाले? तेच सांगतो.

लिलावाची नोटीस छापायचा कायदा शेतकऱ्याच्या दयेपोटी झालेला नाही. जास्त लोकांनी वाचावे, जास्त बोली लागावी, सावकाराचे पैसे वसूल व्हावेत, असा तो हिशेब. पण १९३० नंतर मंदी आली. धान्याचे भाव इतके पडले की काही ठिकाणी शेतकरी मका चुलीत जाळू लागले. कोळशापेक्षा मका स्वस्त. बँकांनी जप्त्या काढल्या आणि गावोगावच्या साप्ताहिकांत लिलावांची रांग लागली. शेजाऱ्यांनी त्या नोटिसा वाचल्या. दिवस, वेळ, ठिकाण सगळे कायद्याने छापलेलेच होते. ठरलेल्या दिवशी ते गेले, पण बोली वाढवायला नव्हे.

नेब्रास्का राज्यात मॅडिसन कौंटीत १९३१ साली असा एक लिलाव झाला. दीडशेच्या आसपास शेतकरी जमले. पहिली बोली लागली पाच सेंटची. दुसरा कुणी तोंड उघडू लागला की शेजारचे त्याच्या खांद्यावर हात ठेवीत. हात किती जोराने ठेवीत ते विचारू नका. एकेक वस्तू अशीच गेली आणि सगळा लिलाव मिळून पाच डॉलर पस्तीस सेंट झाले. चीजवस्तू मूळ मालकाला परत दिली. पुढे मिडवेस्टभर असे लिलाव झाले. त्यांना पेनी ऑक्शन म्हणत, म्हणजे दमडीचा लिलाव. ज्या कागदाने बोलीवाले गोळा व्हायचे, त्याच कागदाने बोली बंद पाडणारे गोळा झाले.

हे सारे साधू होते असे आम्ही सांगत नाही. कोठाराच्या दारावर दोराचा फास टांगून ठेवल्याच्या हकिकती आहेत. आयोवा राज्यात ले मार्स या गावी २७ एप्रिल १९३३ रोजी जमावाने न्यायाधीश चार्ल्स ब्रॅडली यांना न्यायालयातून ओढून बाहेर काढले आणि गळ्यात दोर घातला. न्यायाधीश वाचले, पण कौंटीत लष्करी कायदा लागला आणि चळवळीची बदनामी झाली ती वेगळीच. हे चूक होते. आजही असे कुणी केले तर चूकच आहे. पण त्याच वर्षी आयोवा, नेब्रास्का, मिनेसोटा या राज्यांना जप्त्या थांबवणारे कायदे करावे लागले, आणि मिनेसोटाचा कायदा १९३४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरला. ही कमाई दोराची नाही. दर आठवड्याला पेपर वाचून थंडीवाऱ्यात दुसऱ्याच्या खळ्यावर जाऊन उभे राहणाऱ्यांची ती कमाई आहे.

यानंतरचा भाग जास्त कडू आहे.

१९७० नंतरच्या काळात अमेरिकेच्या सरकारने शेतकऱ्याला सांगितले, कुंपणापासून कुंपणापर्यंत पेरा, जग तुमचे धान्य घेणार आहे. जमिनीचे भाव चढले, बँका दारात येऊन कर्ज देऊ लागल्या. मग व्याज वाढले. डिसेंबर १९८० मध्ये बँकांचा मूळ दरच साडेएकवीस टक्क्यांवर गेला. त्याच वर्षी जानेवारीत राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी रशियाला जाणाऱ्या धान्यावर बंदी घातली. राजकारण दिल्लीचे असो की वॉशिंग्टनचे, निर्यातबंदीचा दगड पडायचा तो शेतकऱ्याच्याच डोक्यात. आयोवात शेतजमिनीचा सरासरी भाव १९८१ साली एकरी २,१४७ डॉलर होता, १९८६ साली तो ७८७ वर आला. कर्ज मात्र २,१४७ च्या हिशेबानेच उभे होते.

साप्ताहिकांत लिलावांच्या याद्या पुन्हा लांबल्या. ट्रॅक्टर, पेरणीयंत्र, वेल्डिंगचे सामान, बायकोचे शिवणयंत्र, पोरांचे पलंग. खाली एक ओळ : जेवणाची सोय चर्चच्या भगिनी करतील. पन्नास वर्षांपूर्वीसारखा लिलाव मोडणे आता सोपे राहिले नव्हते. जमिनीच्या लिलावात कर्ज देणारी संस्था स्वतःच आपल्या येण्याच्या रकमेपर्यंत बोली लावू शकते, तिथे शेजाऱ्याची पाच सेंट काय करणार? यंत्रे घ्यायला दूरदूरचे व्यापारी येत. आणि गावातही फूट होती. ज्याचे चांगले चालले होते तो शेजाऱ्याची जमीन स्वस्तात मिळते का ते पाहत होता. मनातल्या मनात प्रत्येक जण म्हणे, तो बुडाला कारण त्याने हौसेने मोठा ट्रॅक्टर घेतला.

ज्याचे नाव छापून येई तो चर्चमध्ये जायचे टाळू लागे, दुकानात जायचे टाळू लागे. ९ डिसेंबर १९८५ रोजी आयोवातल्या हिल्स या छोट्या गावाच्या परिसरात कर्जात बुडालेल्या एका शेतकऱ्याने आपल्या बायकोला, बँकेच्या अध्यक्षाला आणि एका शेजाऱ्याला गोळी घातली आणि शेवटी स्वतःलाही. आपल्याकडे घराघरात काय होते ते तुम्हाला आम्ही सांगायला नको. तिथे त्या वेळी शेतकऱ्यांच्या बायकाच पुढे आल्या. स्वयंपाकघरातल्या टेबलावर फोन ठेवून रात्री-बेरात्री लोकांशी बोलत बसल्या. न्यायालयाच्या हिरवळीवर बुडालेल्या शेतांच्या नावाने पांढरे क्रूस रोवले गेले. १९८६ साली दिवाळखोरीच्या कायद्यात कुटुंबाची शेती वाचवण्यासाठी स्वतंत्र बारावे प्रकरण घालावे लागले. पुष्कळांना ते उशिरा मिळाले.

म्हणजे नोटीस नुसती छापली म्हणून माणूस वाचत नाही. १९३१ साली नोटीस वाचून शेजारी आले. १९८५ साली अनेक ठिकाणी नोटीस वाचून शेजारी गप्प बसले. कायदा तोच, पान तेच.

आता ते पानही जाते आहे. २००५ पासून अमेरिकेतली एक तृतीयांशाहून जास्त वर्तमानपत्रे बंद पडली, आणि त्यांत अशी साप्ताहिकेच फार. गवताच्या गठ्ठ्यांची जाहिरात फोनवर गेली. नोटिसाही पेपरातून काढून सरकारी संकेतस्थळांवर टाकाव्यात, अशी मागणी अनेक राज्यांत होते, खर्च वाचतो म्हणून. खर्च वाचेल. पण गवताच्या शोधात पान उलटताना शेजाऱ्याच्या नावावर नजर पडायची, ती कशी पडणार? मुद्दाम शोधायला जाईल तो घेणारा. वाचवणारा मुद्दाम शोधत नाही, त्याला सहज कळावे लागते.

मॅरियनच्या पेपराचे नाव घेतले, तर त्याचेही सांगून टाकतो. ११ ऑगस्ट २०२३ रोजी गावच्या पोलिसांनी या पेपराच्या कचेरीवर आणि मालकाच्या घरावर छापा घातला. संगणक, फोन उचलून नेले. एका हॉटेलवालीच्या गाडी चालवण्याच्या परवान्याबद्दलची माहिती पेपराने पडताळून पाहिली होती, एवढे निमित्त. पेपराच्या सहमालक, संपादकांच्या ९८ वर्षांच्या आई, दुसऱ्या दिवशी वारल्या. उरलेल्या माणसांनी बातम्या आणि जाहिराती पुन्हा जुळवल्या आणि पुढच्या बुधवारी अंक काढला. त्याच दिवशी सरकारी वकिलाने झडतीचा हुकूम मागे घेतला, जप्त सामान परत द्यायला लावले. ऑक्टोबरात पोलीसप्रमुखाने राजीनामा दिला. एकोणीसशे वस्तीच्या गावात पेपर असला तर सत्तेला तो टोचतो, आणि टोचतो म्हणूनच तो हवा.

आपल्याकडे पेपर नाही, पण नोटीस आहे. सहकारी संस्थेच्या वसुलीत जमीन विकायची तर १९६१ च्या नियमांतला नियम १०७ सांगतो : विक्रीची नोटीस वसुली अधिकाऱ्याच्या आणि तालुक्याच्या कचेरीत किमान ३० दिवस आधी लागली पाहिजे, गावात दवंडी पिटली पाहिजे. फेरफार झाला की तलाठ्याने, ज्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे, चावडीवर नक्कल लावायची, हरकतीला मुदत १५ दिवसांची. शहराच्या पेपरात ‘तमाम लोकांस कळविण्यात येते की’ म्हणून गट नंबर छापून येतो, तो तर तमाम लोकांपैकी कुणीच वाचत नाही. दवंडी तर किती गावांत खरोखर ऐकू येते? हलगी वाजते पंचनाम्याच्या कागदावर. बहुतेक वेळा गावाला कळते ते मोजणीवाले बांधावर उभे राहिल्यावर.

एक काम सांगतो. प्रत्येक तालुक्यातून दोन माणसे ठरवा, एक बाई हवीच. आठवडी बाजाराच्या दिवशी तहसिलीचा आणि सहायक निबंधकाच्या कचेरीचा फलक वाचायचा, गट नंबर आणि तारीख वहीत उतरवायची. मात्र ती वही घेऊन लगेच चौकात वाचत सुटू नका. आधी त्या घरी जा. चहा घ्या, माणसाशी बोला, त्याच्या बायकोशी बोला. कर्ज किती, संस्थेने हिशेबाचा उतारा दिला का, व्याज मुद्दलापेक्षा जास्त तर लावले नाही ना, हे पाहा. त्याने हो म्हटले तर नाव बैठकीत येईल, नाही म्हटले तर ते त्या दोघांपाशीच राहील.

पुढच्या बैठकीला या वह्या घेऊन या. कोणत्या तालुक्यात फलकच नाही किंवा कुलूपबंद खोलीत आहे, तेही लिहून आणा. त्यावर अर्ज करायचा आहे. आता जेवण तयार आहे म्हणतात, चला.